ऑइलचा लाल दिवा आणि ‘घट्ट ऑइल’चा गैरसमज

काही वर्षांपूर्वी आमचे एक परिचित वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याकडे चढत होते. गाडी डिझेलची आणि सव्वा लाख किलोमीटर चाललेली होती. घाटातल्या अवघड वळणावर गाडी वळली की समोरचा, झारीच्या चित्राचा लाल दिवा क्षणभर लागे आणि रस्ता सरळ झाला की विझे. दिवा विझतो आहे त्या अर्थी कुठे तरी वायर हलत असणार, असे ठरवून त्यांनी गाडी तशीच कोल्हापूरपर्यंत, म्हणजे गगनबावड्यापासून आणखी पन्नासेक किलोमीटर, आणली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढली, तेव्हा तिच्या टोकालासुद्धा ऑइल लागलेले नव्हते. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमध्ये ऑइल इतके कमी उरले होते की वळणावर ते एका बाजूला सरकत होते, पंपाची जाळी उघडी पडत होती आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढत होता. वायर शाबूत होती आणि दिवा खरे सांगत होता. इंजिन त्या दिवशी बंद पडले नाही. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो मात्र पुढच्या दोन महिन्यांत गेला.

या दिव्याला बहुतेक लोक ‘ऑइल कमी झाल्याचा दिवा’ म्हणतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. लाल दिवा ऑइलच्या पातळीविषयी काहीच सांगत नाही; तो दाबाविषयी सांगतो. काही नव्या गाड्यांमध्ये पातळीसाठी वेगळा दिवा असतो. तो पिवळा असतो आणि झारीच्या चित्राखाली लाटेसारखी रेघ असते. पिवळा दिवा लागला तर सोयीच्या ठिकाणी थांबून पट्टी पाहता येते. लाल दिव्याला तेवढी सवड नसते, आणि ती का नसते हे कळण्यासाठी दाब म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे.

पंचगंगेच्या काठावर मोटर बसवून उसाला पाणी पाजणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. मोटर पाणी ढकलते, दाब निर्माण करत नाही. पाइपचे तोंड पूर्ण उघडे असेल तर पाणी भरपूर पडते, पण जोराने उडत नाही. त्याच तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, कारण वाहणाऱ्या पाण्याला अडवणारे काही तरी आता वाटेत आले. इंजिनातला ऑइल पंपही असाच केवळ ऑइल ढकलतो. ते ऑइल फिल्टरमधून, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाडलेल्या वाटांमधून शेवटी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते, आणि शाफ्ट व बेअरिंग यांच्यामधल्या अरुंद फटीतून बाहेर पडून पुन्हा चेंबरमध्ये गळते. त्या अरुंद फटींनी केलेला अडथळा म्हणजेच आपण मोजतो तो दाब. फट रुंद झाली, म्हणजे बेअरिंग झिजले, तर दाब घटतो. ऑइल पातळ झाले तरी घटतो. आणि पंपाकडे ऑइलच आले नाही तर तो उरतच नाही.

ही फट साधारण तीन ते आठ शतांश मिलिमीटरची, म्हणजे ३० ते ८० मायक्रॉनची असते. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग करणाऱ्या वाचकाला हे माप सवयीचे आहे. इतरांनी आपल्या डोक्यावरचा एक केस डोळ्यासमोर आणावा, तो साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एवढ्याशा फटीत फिरणारा शाफ्ट ऑइलला आपल्यासोबत ओढतो, ते पाचरीसारखे शाफ्टखाली शिरते आणि शाफ्ट त्यावर अक्षरशः तरंगतो. भर पावसात भरधाव गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर सरकू लागतात, तोच हा प्रकार आहे; फरक इतकाच की रस्त्यावर तो जीवघेणा असतो आणि बेअरिंगमध्ये त्यावरच सारे आयुष्य अवलंबून असते. आधुनिक डिझेल इंजिनात जळणाऱ्या वायूचा दाब १५० बारच्याही वर (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) जातो, आणि तो सगळा भार पिस्टन व कनेक्टिंग रॉडमार्फत या काही मायक्रॉनच्या थरावर येतो. पाचरीतल्या ऑइलमध्ये त्या वेळी आपोआपच शेकडो बारचा दाब तयार होतो. पंपाला एवढा दाब द्यावा लागत नाही. त्याचे काम फटीत ऑइल अखंड पोहोचवत राहण्याचे आहे. पुरवठा तुटला की पाचर मोडते, धातू धातूला घासतो आणि उष्णतेने बेअरिंगचा मऊ थर वितळू लागतो. मग इंजिन जाम व्हायला तास लागत नाहीत.

आता दिवा नेमका कधी लागतो ते पाहू. इंजिनाच्या ब्लॉकवर एक लहानसे दाबाचे स्विच बसवलेले असते. बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली आला की त्याचा संपर्क जुळतो आणि दिवा लागतो. टायरमध्ये आपण ज्या मापाने ३२ किंवा ३३ हवा भरतो, त्याच मापात हा आकडा अवघा ४ ते ७ येतो. गरम झालेल्या निरोगी इंजिनात नुसत्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, साधारण एक बार किंवा त्याहून अधिक, आणि रस्त्यावरच्या वेगात त्याच्या तीन-चार पट दाब असतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब ‘कमी होऊ लागलेला’ नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. महामार्गावर इंजिनाला तीन बारची गरज असताना दाब एक बारवर आला, तर हे साधे स्विच गप्पच बसेल. काही नव्या गाड्यांत इंजिनाच्या वेगाप्रमाणे अपेक्षित दाब ताडून पाहणारा सेन्सर असतो आणि तो लवकर बोलतो. पण आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या डिझेल गाड्यांत हा दिवा म्हणजे शेवटची सूचना असते.

दाब तुटण्याचा पहिला फटका बहुधा टर्बोला बसतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि ऑइलच्याच थरावर तरंगत असतो, त्यामुळे काही सेकंदांचा खंडसुद्धा तिथे खूण ठेवून जातो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक टॅपेटही ऑइलच्याच दाबावर चालतात, म्हणून सकाळी इंजिन सुरू करताना होणारी खडखड नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकू लागली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची बारीक धार मारून तो थंड ठेवला जातो. डिझेल इंजिनाला ऑइल वंगणाइतकेच थंडाव्यासाठीही लागते, हे ग्रेड निवडताना फार थोड्यांच्या लक्षात असते.

चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर गाडी आधी सुरक्षित बाजूला घेऊन थांबवावी आणि मग लगेच किल्ली बंद करावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण गाडी वेगात असतानाच इंजिन बंद केले तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते. ‘पुढच्या गॅरेजपर्यंत हळू नेतो’ हा विचार मोहाचा असला तरी हळू चालवल्याने उपयोग होत नाही. उलट कमी वेगात पंपही हळूच फिरत असतो. पाच-दहा मिनिटे थांबून, गाडी सपाट जागी असेल तर पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर योग्य ऑइल घालून इंजिन सुरू करावे. दोन-तीन सेकंदांत दिवा विझला आणि खाली कुठे ऑइल टपकत नसेल तर जपून गॅरेज गाठता येते. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. टोचन करून किंवा वाहनावर चढवून गाडी न्यावी. टोचनाचे पैसे देताना जीव कासावीस होतो हे खरे, पण अख्खे इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ ठरते.

गॅरेजमध्ये पुढचा प्रश्न येतो: खरोखर दाब कमी आहे की स्विच बिघडले आहे? इथे अनेकदा आधी स्विच बदलले जाते आणि दिवा विझला की विषय संपतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्विच ज्या भोकात बसते, त्याच भोकात दाबाचा गेज बसवता येतो, आणि इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांना दाब किती आहे ते मोजता येते. तो आकडा कंपनीच्या दुरुस्तीपुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा. दाब योग्य निघाला तर स्विच किंवा त्याची वायर दोषी. ही स्विचेस आतून झिरपू लागतात आणि वायरच्या टोपीत ऑइल शिरते, हे नेहमीचे दुखणे आहे. दाब खरोखरच कमी निघाला तर मात्र चेंबर उघडावे लागते. जाळीवर साचलेला काळा गाळ, जाळीच्या नळीची कडक झालेली रबरी रिंग जिच्यातून पंप हवा ओढतो, उघडी अडकलेली दाब सोडणारी झडप, झिजलेला पंप आणि शेवटी झिजलेली बेअरिंग, या क्रमाने शोध घेणे शहाणपणाचे. आपल्या भागात आणखी एक कारण आढळते. उसाच्या वाटेवरचा दगड किंवा उंच गतिरोधक लागून चेंबर खालून आत दबते, गळती होत नाही म्हणून कोणाला कळत नाही, पण दबलेला पत्रा जाळीच्या तोंडाला टेकतो आणि पंपाचा घास अडतो. काही नव्या इंजिनांत टायमिंगचा किंवा पंपाचा पट्टा ऑइलमध्येच फिरतो; चुकीचे ऑइल घातल्यास तो पट्टा फुगतो, त्याचे कण सुटतात आणि तेच जाळीत अडकतात.

सर्वांत फसवी स्थिती म्हणजे लांबचा प्रवास करून आल्यावर, गरम इंजिन सिग्नलला आयडलवर असताना दिवा मंद लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच विझतो. कावळा नाक्यावर थांबल्यावर दिवा लुकलुकला आणि हिरवा सिग्नल मिळताच विझला, म्हणून गाडी बरी झाली असे नव्हे. ऑइल सर्वांत पातळ आणि पंप सर्वांत हळू, अशा क्षणी दाब काठावर आला आहे, एवढाच त्याचा अर्थ. एकतर ऑइल पातळ झाले आहे किंवा फटी रुंदावल्या आहेत, आणि या दोहोंतले काय घडले ते गेजशिवाय कळत नाही. याउलट किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच नाही तर तोही बिघाडच समजावा, कारण मग गरज पडेल तेव्हाही तो लागणार नाही.

ऑइल पातळ होण्याचे एक कारण गेल्या काही वर्षांत नव्याने आले आहे आणि ते फारसे माहीत नाही. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी असते. तिला सर्वजण डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी ठरावीक अंतराने जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी लागणारी सुमारे ६०० अंशांची उष्णता मिळवायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिराने थोडे जादा डिझेल सोडले जाते. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळते. गाडी महामार्गावर धावत असेल तर काजळी जळण्याचे काम एका दमात पूर्ण होते आणि मिसळलेल्या डिझेलचा काही भाग उडूनही जातो. पण गाडी रोज राजारामपुरीतून शाहूपुरीपर्यंत आणि तिथून परत एवढीच फिरत असेल, तर हे काम दर वेळी अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते आणि प्रत्येक वेळी थोडे डिझेल ऑइलमध्ये भर घालते. मग पट्टीवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल न घालता पातळी वाढणे ही आनंदाची गोष्ट नाही. पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळले तरी ४० ग्रेडचे ऑइल त्याहून पातळ अशा ३० ग्रेडसारखे वागू लागते, आणि दाब त्या प्रमाणात खाली येतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा कागलच्या पुढे किंवा पेठ नाक्यापर्यंत एका वेगाने फिरवून आणावे, आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलावे. पातळी फार वाढली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाळ ऑइलने दाब आणखी घटतो. अतिरेक झाला तर ते ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरून इंधनासारखे जळते आणि किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही. हे क्वचितच घडते, पण ज्याने पाहिले आहे तो विसरत नाही.

पट्टीवरचे ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट गेले आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पाण्यात राहिलेल्या गाड्यांच्या बाबतीत हा धडा महागात शिकावा लागला. अशी गाडी ‘एकदा सुरू करून पाहू’ म्हणून कधीही सुरू करू नये. नुसता काळा रंग मात्र दोष नाही. डिझेल इंजिनातले नवे ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळे पडते, कारण काजळी पकडून तरंगत ठेवणे हेच त्याचे काम आहे.

आता निवडीकडे येऊ. आपल्याकडे दुकानात ऑइल बोटांत चोळून पाहण्याची पद्धत अजून आहे, आणि दिवा लुकलुकू लागला की ‘घट्ट ऑइल घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचे मूळ कोल्हापूरच्या उद्योगाच्या इतिहासात असावे, असे मला वाटते. ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग यांच्या कामावर इथल्या मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या. ती इंजिने सावकाश फिरणारी, सैल फटींची आणि टर्बो नसलेली होती, आणि त्यांना एकाच ग्रेडचे जाड ऑइल मानवत असे. तो सल्ला त्या इंजिनांसाठी चुकीचा नव्हता. आजच्या कॉमन रेल, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सर्व सिलिंडरना डिझेल देणाऱ्या, इंजिनाच्या फटी अरुंद आहेत, वाटा बारीक आहेत आणि त्याचा पंप ठरावीक जाडीचे ऑइल गृहीत धरून आखलेला आहे. जास्त घट्ट ऑइल घातले की गेजवरचा दाब वाढतो हे खरे, पण तो अडथळा वाढल्यामुळे वाढतो. फटीतून वाहणारे ऑइल उलट कमी होते, आणि थंड इंजिनात टर्बोपर्यंत ते उशिरा पोहोचते. दिवा विझतो, झीज चालूच राहते. ताप असताना थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून आकडा खाली आणावा, तसे हे आहे. अपवाद एकच मान्य करायला हरकत नाही: खूप चाललेल्या जुन्या इंजिनासाठी कंपनीच्या पुस्तिकेनेच दोन ग्रेड मंजूर केल्या असतील, तर त्यातली जाड ग्रेड निवडणे योग्य.

ग्रेडचा अर्थ समजून घ्यायला गुऱ्हाळ पुरेसे आहे. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी ओघळते आणि तीच गार झाली की उलथन्यावरून सुटता सुटत नाही. ऑइलचेही तसेच: १५डब्ल्यू-४० ऑइलची जाडी सेंटिस्टोक या मापात ४० अंशांना साधारण ११० असते, ती १०० अंशांना १४ च्या आसपास येते. या नावातला डब्ल्यूच्या नंतरचा आकडा गरम इंजिनातली जाडी सांगतो. १०० अंशांना ९.३ ते १२.५ या टप्प्यातले ऑइल ३० ग्रेडचे आणि १२.५ ते १६.३ या टप्प्यातले ४० ग्रेडचे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतल्या वागणुकीचा असतो. इंजिन फिरवण्याची चाचणी १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना घेतली जाते. कोल्हापूरची थंडी दहा-बारा अंशांपाशी थांबते, म्हणून केवळ इथल्या हवामानापायी १५डब्ल्यू टाकून ५डब्ल्यू घेण्याची निकड नाही. मात्र पहाटेच्या गार इंजिनात ५डब्ल्यू थोडे लवकर वाहते आणि टर्बोला ते बरेच असते. दाबाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो दुसरा आकडा. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून ५० वर जाऊ नये. बाहेर ४० अंश असोत वा २०, गरम झालेल्या इंजिनातले ऑइल शंभरीच्या आसपासच असते, कारण ते तापमान कूलंट आणि थर्मोस्टॅट सांभाळतात.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा, आणि डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दडलेला भाग म्हणजे दर्जाची खूण. अमेरिकन पद्धतीत, म्हणजे एपीआयमध्ये, एस अक्षर पेट्रोलचे आणि सी अक्षर डिझेलचे. डिझेलमध्ये सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरचा दर्जा. पण हे दर्जे मुळात ट्रकच्या इंजिनांसाठी आखलेले आहेत. मोटारींसाठी एसीईए या युरोपातील वाहन उत्पादकांच्या संघटनेची वर्गवारी अधिक नेमकी आहे: त्यात ए/बी वर्ग सर्वसाधारण पेट्रोल-डिझेल मोटारींचा, सी वर्ग डीपीएफ किंवा तत्सम यंत्रणा असलेल्यांचा आणि ई वर्ग जड वाहनांचा.

या वर्गांतला खरा फरक राखेचा आहे. ऑइलमधली काही रसायने जळल्यावर राख उरते. काजळी जाळून टाकता येते. राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये साचतच जाते आणि गाळणी कायमची तुंबते. एसीईए सी-३ ऑइलमध्ये राखेचे प्रमाण ०.८ टक्क्यांपुरते मर्यादित आहे, ए/बी वर्गातल्या बी-४ मध्ये ते १.६ टक्क्यांपर्यंत चालते, आणि एपीआयच्या सीजे-४ व सीके-४ मध्ये मर्यादा १ टक्क्याची आहे. म्हणून ट्रकसाठी आणलेल्या मोठ्या ड्रममधले उत्तम सीके-४ ऑइलही डीपीएफ असलेल्या मोटारीत आपोआप चालेल असे नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाडीच्या मालकाने जाडी एक वेळ नंतर पाहावी, पण सी वर्गाची खूण आधी पाहावी. सी वर्गातही भेद आहेत: सी-३ चा थर जास्त ताणाखाली जाड राहतो, सी-२ आणि सी-५ क्रमाने पातळ, इंधन वाचवणारे. ज्या इंजिनासाठी सी-३ सांगितले आहे त्यात सी-५ घातले, तर नवे कोरे ऑइल असूनही बेअरिंगमधला थर अपुरा पडू शकतो.

बीएस-४ किंवा त्याआधीच्या, डीपीएफ नसलेल्या गाड्यांना ही चिंता नाही. त्यांच्यासाठी पुस्तिकेप्रमाणे ए/बी वर्गातले किंवा सीएच-४, सीआय-४ दर्जाचे १५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-४० वा ५डब्ल्यू-३० चालते. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधक अधिक असे, बीएस-३ मध्ये दहा लाखांत ३५० भागांपर्यंत आणि बीएस-४ मध्ये ५० पर्यंत, आणि त्यातून तयार होणारे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षाराचा साठा जास्त लागे. आता पंपावर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये तेच प्रमाण १० आहे, त्यामुळे जुन्या इंजिनावरचा तो भारही उतरला आहे.

काही युरोपीय कंपन्या एवढ्यावर थांबत नाहीत. त्यांचे स्वतःचे मंजुरी क्रमांक असतात, जसे फोक्सवॅगनचा ५०७.०० किंवा मर्सिडीझ-बेंझचा २२९.५१. अशा गाडीसाठी ऑइल घेताना डब्यावर त्या क्रमांकाची ‘मंजुरी’ लिहिली आहे की नुसते ‘या गाड्यांसाठी योग्य’ असे लिहिले आहे, हे वाचावे. पहिल्यात गाडीच्या कंपनीने ते ऑइल तपासलेले असते. दुसरे ऑइल विकणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे असते. पुस्तिकेतली मंजुरी, मग वर्ग, मग जाडी आणि सर्वांत शेवटी ब्रँड, असा माझा क्रम आहे. योग्य खुणा असलेल्या दोन नामांकित ब्रँडांत डावे-उजवे करण्यात फारसा अर्थ नाही. दाब वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतले घट्ट द्रव्य तर मी कुणालाही सुचवणार नाही, आणि वर्षानुवर्षे गाळ साचलेल्या इंजिनात जोरकस फ्लश करण्याचाही धोका लक्षात घ्यावा, कारण सुटलेला गाळ शेवटी पंपाच्या जाळीवरच येऊन बसतो.

ऑइल अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद डब्यात आणि बिलासह घ्यावे, आणि रिकामा डबा झाकणाजवळ फोडूनच टाकावा, म्हणजे तो बनावट माल भरायला परत वापरला जाणार नाही. ऑइलबरोबर फिल्टरही दर वेळी बदलावा. फिल्टर तुंबला की त्यातली बगलेची झडप उघडते आणि न गाळलेले ऑइल थेट बेअरिंगकडे जाते. इंजिन उपाशी राहण्यापेक्षा ते बरे, पण कायम तसे चालवण्यासाठी ती सोय नाही. हलक्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली उतरू न देणारा रबरी पडदाही निकृष्ट असतो, आणि मग रोज सकाळी दिवा विझायला नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद अधिक लागतात.

ऑइल बदलून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना रिकामा फिल्टर भरेपर्यंत दिवा काही सेकंद जास्त राहतो. तोवर ॲक्सिलरेटर अजिबात दाबू नये. दिवा विझल्यावर मिनिटभराने इंजिन बंद करून ड्रेन बोल्ट आणि फिल्टरची कड हाताने पुसून पाहावी, दहा मिनिटांनी पट्टीवर पातळी पाहून दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ ती आणावी, आणि तारीख, किलोमीटर, ग्रेड, वर्ग आणि किती लिटर ऑइल लागले हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या महिन्यात पातळी त्या नोंदीपेक्षा खाली गेली की वर चढली, हे मग डोक्यात ठेवायची गरज उरत नाही.